अरे, आवाज कुणाचा?

‘व्हॉइस-ओव्हर म्हणजे आळशी लेखकाची कुबडी. सिनेमा दाखवायचा असतो, सांगायचा नसतो.’

हे वाक्य मी एका रविवारी गोदीतला रोज बुडवून आणि वर फी भरून ऐकलं. पटकथेचं एक शिबिर होतं. एसी हॉल, बाटलीतलं पाणी, पन्नासेक पोरंपोरी. शिकवणारे गृहस्थ सिनेमातले जाणते. त्यांनी वाक्य फळ्यावर लिहिलं, आम्ही वहीत उतरवलं. मीही उतरवलं. फळ्यावरचं निमूट उतरवायची सवय शाळेत लागते, ती दहावीनंतरही सुटत नाही.

मग प्रत्येकानं आपापली पटकथा दाखवली. माझी बारा पानांची. जहाजाच्या पोटात काम करणारा एक हमाल. क्रेनची स्लिंग तुटते, माल खाली येतो, हमाल मरतो. आणि मेल्यावर तो सगळी हकिकत सांगतो. सरांनी लाल पेन काढलं. जिथे जिथे ‘व्ही.ओ.’ लिहिलं होतं तिथे तिथे आडवी रेघ. बारा पानांची साडेतीन पानं उरली. एक जहाज, एक हूक, एक गर्दी, ताडपत्रीखाली झाकलेलं एक प्रेत. पानं परत देताना सर म्हणाले, ‘आता बघ, किती बोलकं झालं!’

बोलकं! माणसाची जीभ कापली आणि म्हणे बोलकं झालं.

दुपारी त्यांनी जागतिक दर्जाचा नमुना म्हणून एक सिनेमा दाखवला. बिली वाइल्डरचा १९५० सालचा ‘सनसेट बुलेवार्ड’. पोहण्याच्या तलावात प्रेत तरंगतंय आणि तो मेलेला माणूसच आपली गोष्ट सांगतोय. धंद्यानं तोही पटकथालेखक. हॉल चिडीचूप. मी हात वर केला. म्हटलं, ‘सर, ह्यांचा मेलेला बोलतो ते चालतं, मग माझा मेलेला का नको?’ पोरं हसली. सरही हसले. म्हणाले, ‘अरे, तो बिली वाइल्डर आहे.’

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, ते लिहितो.

*

आधी एक कबूल करतो. सरांचा नियम साफ खोटा नाही. पडद्यावर पाऊस पडतोय आणि वरून आवाज सांगतोय की पाऊस पडत होता – असला आवाज कापलाच पाहिजे. प्रेक्षक आंधळा नाही. पटकथा शिकवणारे अमेरिकन मास्तर रॉबर्ट मॅकी असल्या निवेदनाविरुद्ध बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण त्याच अमेरिकेत २००२ साली ‘अ‍ॅडॅप्टेशन’ नावाचा सिनेमा निघाला. त्यात नायकाच्या मनातलं निवेदन चालू असतं, आणि समोर मंचावर मॅकीच्या सोंगातला नट निवेदन वापरणाऱ्यांवर असा काही तुटून पडतो की बिचाऱ्याचा मनातला आवाज जागच्या जागी गप्प होतो. तिकडे त्या नियमाची अशी टोपी उडवतात. इकडे त्याची पोथी होते. आपल्याकडे काहीही आलं की आधी त्याची पोथी होते, मग पोथी सांभाळणारे येतात, मग ती कुणी वाचायची नाही हे ठरतं.

‘दाखवा, सांगू नका’ म्हणणारे एक गृहीत धरून चालतात. चित्राला जात नसते, चित्र सगळ्यांना सारखंच कळतं. खोटं आहे. पडद्यावर वाडा दाखवा, तुळशीवृंदावन दाखवा, ओटीवरचा झोपाळा दाखवा. एक शब्द बोलू नका. प्रेक्षकाला घर कळलं, माणसं कळली, त्यांचे संस्कार कळले, त्यांची दुःखंसुद्धा अर्धी कळली. कारण शंभर वर्षं सिनेमानं, नाटकानं, शाळेच्या पुस्तकानं त्या झोपाळ्याचं निवेदन आधीच करून ठेवलंय. झोपाळ्याला व्हॉइस-ओव्हर लागत नाही, कारण तो प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून चालू असतो.

आता आमची खोली दाखवा. दहा बाय बारा. वर पत्रा, खाली निळा पिंप, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. एक शब्द बोलू नका. प्रेक्षकाला काय दिसतं? गरिबी. अरेरे. बस्स. त्याला हे दिसत नाही की १९५६ साली नागपूरहून परत आल्यावर आजोबांनी भिंतीवरचे देव उतरवले, गाठोडं बांधून नदीत सोडले, आणि आजी रात्रभर जागी राहिली – देव कोपतील म्हणून. सकाळी देव कोपले नाहीत. मग आजीनं स्वतः हातानं भिंत सारवली आणि त्या जागी हा फोटो लावला. ती रात्र कुठली लेन्स दाखवणार? ती रात्र कुणीतरी सांगावी लागते. आजीनं आईला सांगितली, आईनं मला. आमचा इतिहास सांगून सांगून इथवर आलाय. त्याला सरकारी दप्तर नाही, बखर नाही, ताम्रपट नाही. ज्यांची सगळी इस्टेट सांगण्यात आहे त्यांना तुम्ही म्हणता सांगू नका?

*

पटकथेत दोन खुणा असतात. एक ‘व्ही.ओ.’, दुसरी ‘ओ.एस.’. शिबिरात सरांनी फरक चांगला समजावला, त्याबद्दल त्यांचे आभार. बोलणारा त्या प्रसंगाच्या जागी नसतोच, त्याचा आवाज बाहेरून, वरून चित्रावर पसरतो – ती व्ही.ओ. आणि बोलणारा त्याच जागी असतो पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभा असतो – ती ओ.एस.

मी वहीत हे लिहिलं आणि माझं पेन थांबलं. अरे, ही तर गावाची रचना! गावातच असायचं पण चौकटीबाहेर असायचं – म्हारवडा म्हणजे दुसरं काय? आम्ही हजारो वर्षं ओ.एस. आहोत. आणि जे शेतात नाहीत, गटारात नाहीत, जहाजाच्या पोटात नाहीत, पण ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर पसरलेला आहे, ते व्ही.ओ. संस्कृत नाटकात त्यांना सूत्रधार म्हणायचे. सूत्रधार म्हणजे ज्याच्या हाती सूत. आणि सूत कुणाच्या खांद्यावर असतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण गंमत बघा. गावचा आवाज आमचाच होता. दवंडी कोण पिटायचं? महार. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात दहा-दहा कोस कोण जायचं? महार. सगळ्या गावाला ऐकू जाणारा गळा आमचा होता. फक्त त्या गळ्यातून काय निघायचं ते पाटलाच्या ओट्यावर ठरायचं. आवाज आमचा, मजकूर त्यांचा. ही झाली दवंडी.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि सौदा उलटा झाला. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन निघाली. (२०२२ साली ती एनएफडीसीत विलीन झाली.) कित्येक वर्षं देशातल्या प्रत्येक थिएटरात मुख्य सिनेमाआधी तिचा माहितीपट नाहीतर वार्तापट दाखवणं सक्तीचं होतं. जुन्या लोकांना विचारा, तो आवाज त्यांना अजून आठवतो. तो आवाज कधी खोकला नाही, कधी अडखळला नाही. कुठे उभा राहून बोलतो, काय खातो, कुठल्या आळीत राहतो, पत्ता लागायचा नाही. पडद्यावर धरण बांधणाऱ्या बाया पाट्या वाहतायत, आणि आवाज सांगतोय की ह्या बाया राष्ट्र घडवताहेत. बाईला कुणी विचारलं नाही की बाई, तू काय घडवतेस? तुझं गाव ह्या पाण्याखाली गेलं का? परदेशी समीक्षक असल्या आवाजाला ‘देवाचा आवाज’ म्हणतात. बरोबर नाव आहे. देव दिसत नाही, चुकत नाही, आणि त्याला उलट बोलता येत नाही. त्याच घरात भिंत फोडणारेही निघाले, हे विसरून चालणार नाही. एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ साली ‘आय अ‍ॅम २०’ काढला आणि स्वातंत्र्याच्या वयाची पोरं स्वतःच्या तोंडानं बोलली. सुखदेवनं त्याच साली ‘इंडिया ६७’ काढला आणि निवेदकाला सुट्टीच दिली. पण हे अपवाद. देवाचा आवाज चालूच राहिला.

त्याची पोरंबाळं अजून हिंडतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक पथक आलं. कॅमेरा, काठीला बांधलेला माइक, चांगली माणसं. आई नळावर होती. तिला विचारलं, ती बोलली. मी शेजारीच होतो, मला शब्द न् शब्द आठवतो. ‘लिहून घ्या. पाणी पहाटं चारला येतंय. चारला उठून लाइन लावते तवा सहाला कामावर जाते. रडत कोण नाय हितं. पाइप टाका आधी, मग शूटिंग करा काय करायचं ते.’

वर्षभरानं तो माहितीपट कुणाच्यातरी मोबाइलवर बघितला. आईचे ओठ हलतायत. तिचा आवाज बारीक केलाय, शेजारच्या खोलीतल्या रेडिओसारखा. आणि त्याच्यावर एका बाईचा मऊ इंग्रजी आवाज. वस्तीतली एक पोरगी कॉलेजात जाते, तिनं अर्थ सांगितला: ‘आमचं जीवन फार कष्टाचं आहे. कधीतरी कुणीतरी आमच्याकडे लक्ष देईल, अशी आम्हाला आशा आहे.’

आई म्हणाली, ‘आगं, मी हे कदी म्हणले?’

दोस्तहो, हा आहे व्हॉइस-ओव्हर. आईनं हक्क मागितला होता, वरच्या आवाजानं भीक मागितली. दवंडीत आवाज आमचा आणि मजकूर त्यांचा. इथे तोंड आमचं, आवाजही त्यांचा आणि मजकूरही त्यांचा. आम्हाला फक्त ओठ हलवायला ठेवलं.

*

कुणी म्हणेल, हे माहितीपटाचं झालं. कथापटात तर आपल्याला सहानुभूती मिळाली. मिळाली ना. बघूया कशी मिळाली.

१९७४ साली श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ आला. नव्या सिनेमाची पहाट म्हणतात त्याला. त्यात लक्ष्मीचा नवरा किश्तय्या जमीनदाराच्या चाबकाचा मार खातो. किश्तय्या मुकाबहिरा आहे. १९८० साली गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. आदिवासी लहान्या भिकूवर स्वतःच्याच बायकोच्या खुनाचा आळ आहे, आणि जवळजवळ सबंध सिनेमाभर तो तोंड उघडत नाही. त्याच्या वतीनं बोलणाऱ्या वकिलाचं नाव भास्कर कुलकर्णी. २००१ साली ‘लगान’ आला. त्यात अस्पृश्याचं नाव कचरा. त्याला संघात घ्यायचं की नाही ह्यावर सगळा गाव भांडतो, भुवन मोठं भाषण करतो, टाळ्या पडतात – आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो कचरा खाली मान घालून उभा. त्याला खेळायचंय का, हे त्याला कुणी विचारतसुद्धा नाही.

एक मुका, एक गप्प, एक नतमस्तक. मी हे सिनेमे वाईट म्हणत नाही. ‘आक्रोश’ बघून मला रात्री झोप लागली नव्हती. लहान्याचं गप्प राहणं हाच त्याचा आरोप आहे, हे मला कळतं. पण एकदा कळतं, दोनदा कळतं. पुन्हा पुन्हा तेच दिसलं की मग संशय येतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. मुक्यांना वाचा फुटली त्याला शंभरावर वर्षं झाली. तो आवाज चवदार तळ्यावर घुमला, काळाराम मंदिराच्या दारात घुमला, घटनासमितीत घुमला. पण चांगल्यातल्या चांगल्या सिनेमावाल्याला आमचा माणूस मुकाच आवडतो. का? मुक्या माणसाच्या वतीनं बोलता येतं म्हणून. बोलणाऱ्या माणसाच्या वतीनं बोलायला गेलं तर तो म्हणतो, मी हे कधी म्हटलं?

एका आवाजाचा प्रवास सांगतो. १९६९ साली मृणाल सेन ह्यांच्या ‘भुवन शोम’मध्ये अमिताभ बच्चन निवेदक होता, चेहरा नाही, नुसता आवाज. १९७५ साली ‘दीवार’ आला. त्यात तोच आवाज गोदीतल्या हमालाच्या छातीतून निघाला. दंडावर ७८६ नंबरचा बिल्ला, गुंडांना हप्ता द्यायला नकार. आमच्या गोदीतल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून त्या सीनच्या आठवणीनं काटा येतो. कारण तो आवाज खालून येत होता, अंगाला घामाचा वास असलेला. २००१ साली ‘लगान’च्या सुरुवातीला आणि शेवटी पुन्हा तोच आवाज – पण आता आभाळातून, इतिहासाच्या आसनावर बसून. विजय हमालाचा देव झाला. माझं भांडण त्या माणसाशी नाही, त्या जागेशी आहे. आवाज तोच असतो. तो कुठून येतो त्यावर ठरतं की तो साथीदार की मालक.

*

आता घरातली गोष्ट. वाईट वाटलं तरी बोलणार.

आपली पोरं मोबाइलवर फिल्मा काढतात, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला सोडतात. मी सगळ्या बघतो. ड्रोन वर जातो. चैत्यभूमी नाहीतर दीक्षाभूमी. मागे ढगांच्या गडगडाटासारखं संगीत. आणि मग पैसे देऊन आणलेला एक जाडजूड पुरुषी आवाज घुमतो, आणि हजारो वर्षांच्या अंधाराबद्दल बोलू लागतो. खाली आपल्या बाया मेणबत्त्या घेऊन, पोरं कडेवर घेऊन चालतायत. त्यांचा एक शब्द नाही. जी बाई परभणीहून उभ्यानं रेल्वेचा प्रवास करून आली तिला विचारा ना कशासाठी आलीस. ती जे सांगेल ते त्या घुमणाऱ्या आवाजाच्या बापाला सुचणार नाही.

अरे, आपण भिंतीवरचे देव उतरवले आणि त्यांच्या जागी देवाचा आवाज आणून बसवला! बच्चनची नक्कल करणारा आवाज निळा रंग लावल्यानं आपला होत नाही. फिल्म्स डिव्हिजनचा बाप असो की आपल्या चळवळीचा भाऊ, जो आभाळातून बोलतो तो ऐकत नाही.

नुसतं ‘मी’ म्हणूनही भागत नाही. १९९४ साली ‘बँडिट क्वीन’ आला, फूलनदेवीची खरी कहाणी म्हणून. जिची कहाणी ती बाई जिवंत होती. ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, हे माझं आयुष्य नव्हे. पुढे तडजोड झाली, तो भाग वेगळा. पण धडा घ्या. दुसऱ्याच्या तोंडात ‘मी’ घालणं ही आवाज चोरण्याची सगळ्यात सफाईदार पद्धत आहे.

*

मग काय करायचं? सरांचं ऐकून आवाज कापायचा? नाही. आवाज खाली आणायचा.

आपल्याकडे त्याची रीत आहे, ती हॉलिवूडला विचारायला जायला नको. तमाशातल्या वगात शाहीर गोष्ट सांगतो. पण त्याला धड सांगू देतात का? सोंगाड्या मध्येच तंगडी घालतो – राजा सोन्याच्या ताटात जेवला म्हणता, मग खरकटं कुणी काढलं? पब्लिक हसतं आणि राजाची गोष्ट उलटी होते. हा आमचा व्हॉइस-ओव्हर. सांगणाऱ्याला उलट सवाल करणारा. भीमराव कर्डकांच्या जलशांनी हेच हत्यार घेऊन बाबासाहेबांचं म्हणणं वाड्यावस्त्यांवर नेलं. अण्णा भाऊ साठ्यांनी – ज्यांच्या नशिबात शाळा नव्हती – १९४४ साली लालबावटा कलापथकातून हेच हत्यार गिरणगावात आणलं. त्यांना कुणी फळ्यावर लिहून दिलं नाही की अण्णा, सांगू नका, दाखवा. त्यांनी सांगितलं आणि माणसं उठून उभी राहिली.

आपल्या पुस्तकांतही रीत आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात शिकलेला, नोकरदार झालेला माणूस आणि आतला दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. एकच माणूस, दोन आवाज, आणि दोघांना एकमेकांची लाज. पटकथेत असं निवेदन लिहिता येत नाही असं कोण म्हणतो? बेबीताई कांबळ्यांच्या पुस्तकाचं नाव ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’. एका बाईच्या गळ्यातून सगळा वाडा बोलतो. पायल कपाडियांच्या २०२४ सालच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ची सुरुवात बघा. मुंबईच्या बाजाराची, रस्त्यांची, लोकलची दृश्यं आणि त्यावर बाहेरगावाहून आलेल्या माणसांचे आवाज, वेगवेगळ्या भाषांतले. कुणाचं नाव नाही, देव कुणीच नाही. शहर आपल्याच तोंडानं बोलतं.

आणि आवाज आणि चित्र ह्यांचं भांडण लावता आलं पाहिजे. टेरेन्स मॅलिकच्या १९७३ सालच्या ‘बॅडलँड्स’मध्ये पडद्यावर खून पडतात आणि ती पोरगी गुलाबी मासिकातल्या भाषेत निवेदन करत राहते. त्या फटीतून थंडी वाजते. नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’त त्याहून मोठं केलं. डुकरामागे धावणारं जब्याचं घर, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. निवेदक नाही, पण वरून आलेला आवाज आहे, आणि खाली त्या आवाजाचा खरेपणा तपासणारं चित्र आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये – २०१४ – शाहीर नारायण कांबळेवर खटला चालतो. ती भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली होती. २०२१ साली कोरोनानं त्यांना नेलं. त्यात बघा, कोर्टात माणूस काहीतरी बोलतो आणि न्यायाधीश त्याचं आपल्या भाषेत करून टायपिस्टला सांगतात. दप्तरात जातं ते न्यायाधीशाचं वाक्य. माझ्या आईवर जे माहितीपटवाल्यांनी केलं तेच. फरक एवढाच की इथे फाशीसुद्धा होऊ शकते.

म्हणून व्हॉइस-ओव्हर लिहिताना मी आता चार सवाल करतो. कोण बोलतंय? कुठे उभं राहून बोलतंय? कुणाशी बोलतंय? आणि बोलणाऱ्याला काय ठाऊक नाही? चौथा सवाल सगळ्यात महत्त्वाचा. देवाला सगळं ठाऊक असतं. माणसाला नसतं. ज्या निवेदकाला सगळं ठाऊक आहे त्याला खुशाल कापा. तिथे सरांचं लाल पेन मी स्वतः आणून देईन.

*

आता माझ्या मेलेल्याकडे येतो.

मेलेला बोलत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी १७ जानेवारी २०१६ आठवावा. हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला आणि त्याचं पत्र मागे राहिलं. ते पत्र चौकाचौकात वाचलं गेलं, अनोळखी पोरापोरींच्या गळ्यातून. जिवंतपणी ज्याचं कुणी ऐकलं नाही तो मेल्यावर बोलला आणि देशाला ऐकावं लागलं. आमच्याकडे मेलेल्याचं बोलणं ही बिली वाइल्डरची करामत नाही. तो आमचा रोजचा व्यवहार आहे.

माझी पटकथा मी बनवलेली नाही. तो हमाल आमच्या टोळीतला होता. पडद्यावर तुम्ही त्याचं प्रेत दाखवाल, ताडपत्री दाखवाल, गर्दी दाखवाल. पण तुमचा कॅमेरा हे दाखवणार नाही की स्लिंग झिजलीय, हे त्यानं सकाळीच सांगितलं होतं. हे दाखवणार नाही की दुपारपर्यंत ठेकेदाराच्या मस्टरवरून त्याचं नाव गायब झालं होतं. तो त्या दिवशी कामावर नव्हताच! नव्हता तर मेला कसा? कागदावर मेलाच नाही. जे घडलं ते चित्रातून पुसलं गेलंय, आता ते फक्त सांगताच येतं. आणि सांगणारा एकच साक्षीदार आहे, जो मेला.

ठेकेदारानं मस्टरवरून नाव पुसलं. सरांनी पटकथेतून आवाज पुसला. दोघांनाही वाटलं, काम सुटसुटीत झालं. ठेकेदारानं जाणूनबुजून केलं, सरांनी कलेच्या प्रेमापोटी. मेलेल्याच्या बाजूनं बघितलं तर फरक काय?

पटकथा मी पुन्हा लिहिली. मीही कापलं. ‘माझ्या डोळ्यांपुढे अंधार पसरला’ वगैरे कविता केली होती, ती काढली, अंधार दिसतोच. आता तो मेलेला फक्त तेवढंच सांगतो जे पुसलं गेलं. रोज किती होता. सकाळी कुणाला काय बोलला. मस्टरवर आपलं नाव कितव्या ओळीला होतं. आणि मधूनच अडखळतो, कारण पोरीच्या शाळेची फी भरली की राहिली, हे त्याला आठवत नाही. बारा पानांची आठ झाली. आवाज कायम आहे.

शेवटी गोदीतलं एक सांगतो. जहाजाच्या पोटात आम्ही खाली असतो, क्रेनवाला वर केबिनीत. त्याला खालचा तळ दिसत नाही. मध्ये डेकवर एक सिग्नलवाला उभा असतो. खालून आम्ही ओरडतो – ‘हबेस!’ म्हणजे उचल. ‘आऱ्या!’ म्हणजे सोड खाली. सिग्नलवाला हात करतो, वरचा ऐकतो. जिथे वरचा माणूस स्वतःच्या मनानं माल सोडतो तिथे खाली माणूस मरतो. म्हणजे आवाज खालून वर गेला पाहिजे. ज्याला दिसत नाही त्याच्याकडून, जो झेलणार आहे त्याच्याकडे नव्हे. जो झेलणार आहे त्याच्याकडून, ज्याला दिसत नाही त्याच्याकडे.

‘अरे, आवाज कुणाचा?’ पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या नाट्यगृहात पोरं हे ओरडतात, मुंबईत मोर्चातही ओरडतात, आणि उत्तर म्हणून आपापल्या कॉलेजाचं, पक्षाचं नाव घेतात. सिनेमा लिहिणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो, तुम्ही कागदावर ‘व्ही.ओ.’ ही दोन अक्षरं लिहाल तेव्हा हा सवाल स्वतःला विचारा.

आवाज कुणाचा?

ज्याच्या डोक्यावर माल लटकतोय, त्याचा.

जय भीम.